मागचे चाक उड्या का मारते?

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात. पुढच्या खेपेला त्यातल्या एखाद्या गाडीत बसण्याआधी जरा खाली वाकून पाहा. कमानीची गाडी असेल तर आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. मोटारीच्या कारखान्यात याच कमानीला ‘पाटे’ म्हणतात. अँबॅसडर आणि पद्मिनी या जुन्या गाड्यांच्या मागच्या आसाखाली हेच पाटे होते, जीपच्या खाली होते, आणि मालवाहू पिकअपच्या खाली आजही असतात.

पाटे तेच असले तरी टांग्यातले पाटे आणि जीपचे मागचे पाटे यांच्या कामांत मोठा फरक आहे. टांगा घोडा ओढतो. चाक बिचारे नुसते फिरते. कमानीवर काय तो बसणाऱ्यांचा भार. जीपमध्ये मात्र चाक स्वतः जमिनीला मागे ढकलते आणि जमीन गाडीला पुढे ढकलते. इथे न्यूटनचा तिसरा नियम आणखी एका ठिकाणी लागू होतो, आणि ते ठिकाण आपण सहसा विसरतो. चाकाला पुढच्या दिशेने फिरवणारा जो पीळ आहे, तेवढाच उलटा पीळ आसाच्या घरावर, म्हणजे मेकॅनिक ज्याला हाउसिंग म्हणतात त्यावर, पडतो. चाक पुढे फिरू पाहते, हाउसिंग मागे फिरू पाहते. त्याला आवरून कोण धरणार? जुन्या पद्धतीच्या गाडीत हे काम करायला पाट्यांशिवाय दुसरे कोणी नसते.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जुनी जीप घेतली, फक्त मागच्या चाकांना जोर मिळणारी. कार्लेखिंडीजवळ त्याच्या वाडीकडे जाणारी काँक्रीटची चढण आहे. पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की गाडीचा मागचा भाग खाली बसायचा, आणि मग धडधड असा आवाज होऊन मागची चाके उड्या मारू लागायची. गाडी पुढे सरकायची नाही, दात मात्र एकमेकांवर आपटायचे. कोणीतरी सल्ला दिला, ‘पाटे कमजोर आहेत, दोन-दोन वाढव.’ त्याने वाढवले. मागचा भाग बसायचा थांबला, उड्याही थोड्या कमी झाल्या. पण जुलै महिन्यात खिंडीच्या ओल्या वळणावर रिकाम्या जीपचे शेपूट एकाएकी बाहेर गेले आणि गाडी गटाराच्या काठावर आडवी होऊन थांबली. मी शेजारी बसलो होतो. कोणाला लागले नाही. पण तो मला म्हणाला, “सर, पाटे वाढवल्यावर पकड वाढायला हवी ना? कमी कशी झाली?”

प्रश्न चांगला होता. उत्तरासाठी थोडे गणित करू.

समजा, इंजिनाचे परिबल (पिळाच्या जोराला पुस्तकात परिबल म्हणतात) १५० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर ते चार पट करतो आणि मागचा डिफरेन्शियल पुन्हा चार पट. म्हणजे आसावर १५० × १६ = २४०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली, तर चाके जमिनीला २४०० ÷ ०.३५, म्हणजे सुमारे ६८६० न्यूटन बलाने मागे ढकलतील.

एवढे बल टायर घसरल्याशिवाय लागू शकेल का? जीपच्या मागच्या चाकांवर ८०० किलो भार आहे असे धरू, म्हणजे ७८४० न्यूटन. त्यात थोडी भर पडते. गाडी वेग घेते तेव्हा जमिनीचा रेटा खालून लागतो आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे गाडी मागे कलू पाहते आणि पुढच्या चाकांवरचा काही भार मागे येतो. गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आणि पुढच्या-मागच्या आसांतले अंतर २.४ मीटर घेतले, तर हा भार ६८६० × ०.७ ÷ २.४, सुमारे २००० न्यूटन होतो. एकूण झाला ९८४० न्यूटन. म्हणजे घर्षणांक निदान ०.७ हवा. कोरड्या डांबरावर तो मिळतो. ओल्या डांबरावर मिळेलच असे नाही, आणि वाळू पसरलेल्या ओल्या डांबरावर तर आशाच नको. (चढणीमुळे मागे येणारा भार मी मुद्दाम सोडला आहे, तो तुम्ही काढून पाहा.)

आता पाट्यांकडे. २४०० न्यूटन-मीटरचा उलटा पीळ दोन बाजूंच्या कमानींत वाटला, प्रत्येकीला १२००. कमान पुढच्या डोळ्यापासून मागच्या डोळ्यापर्यंत १.२ मीटर लांब असेल, तर तिचा पुढचा डोळा गाडीला १००० न्यूटनने वर उचलतो आणि मागचा डोळा तितक्याच बलाने खाली ओढतो. सुमारे १०० किलो वजन एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून लावल्यासारखे झाले. मधोमध आवळलेली पट्टी अशा वेळी कशी वाकेल? पुढचा अर्धा भाग एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला. इंग्रजी ‘एस’ अक्षर आडवे करून जरा ताणले तर जसे दिसेल, तशी. घरी पोलादी फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवा आणि मधोमध चिमटीत धरून पिळा, म्हणजे हा आकार डोळ्यांनी दिसेल.

नुसते वाकणे वाईट नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ती दाखवायला मी वर्गात खडू वापरतो. लांब खडू टोकापासून दूर, सैलसर धरा आणि टोक पुढे करून फळ्यावर ढकला. खडू टकटक करीत उड्या मारतो आणि फळ्यावर ठिपक्यांची रांग उमटते. तोच खडू उलट दिशेने ओढा, रेघ सरळ येते. किंवा ढकलतानाच बोटे टोकाजवळ घट्ट धरा, तरीही सरळ येते. (हे करताना मुले हसतात, ते गृहीत धरावे.) खडूचे टोक फळ्याला धरते, तेवढ्यात बोटे पुढे जातात आणि खडूत ताण साठतो. ताण घर्षणापेक्षा वाढला की टोक निसटते. निसटल्यावर घर्षण एकदम कमी होते, कारण सरकत्या पृष्ठभागांचे घर्षण स्थिर पृष्ठभागांपेक्षा कमी असते. साठलेला ताण मोकळा होतो, टोक उडते, पुन्हा टेकते, पुन्हा धरते.

जीपच्या मागच्या चाकाचे अगदी हेच होते. टायर जमीन धरतो, पाटे पिळले जातात आणि त्यांत स्थितिस्थापक ऊर्जा साठते. टायर निसटला की पाटे झटक्याने सरळ होतात, आस उसळतो, टायर जमिनीवरून हलका होतो किंवा सुटतोच, मग आदळतो आणि पुन्हा धरतो. आस आणि त्याखालचा हवा भरलेला टायर ही वजन-स्प्रिंगची जोडीच आहे. १२० किलोचा आस आणि प्रत्येकी २ लाख न्यूटन प्रति मीटर ताठरपणाचे दोन टायर घेऊन कंप्रता काढली, तर ती सेकंदाला सुमारे नऊ येते. म्हणून तो आवाज एकेका ठोक्याचा न येता धडधडीसारखा येतो. आणि जेवढा वेळ टायर हवेत, तेवढा वेळ त्याचे घर्षण शून्य. इंजिनाचा जोर कितीही असो, तो वाया.

ही गोष्ट जगाला नवीन नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मध्यम आकाराच्या मोटारीत भले मोठे इंजिन बसवण्याची लाट आली. अशा मोटारींना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, आपण पैलवान मोटार म्हणू. पैलवानाचे दंड मोठे, पण त्यांतल्या अनेक गाड्यांचे मागचे पाय टांग्याचे होते! शेव्हरोले कंपनीची १९६७ सालची कमारो ही मोटार याचा नमुना. तिच्या मागे प्रत्येक बाजूला एकाच पात्याची कमान होती. बसायला मऊ, वजनाला हलकी. पण जोराने गाडी सोडली की मागची चाके उड्या मारीत. १९६८ साली कंपनीने दोन बदल केले. जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पात्यांची कमान दिली, आणि आधी दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आसाच्या पुढे होते, त्यांपैकी एक पुढे ठेवून दुसरा मागे नेला. हा दुसरा बदल मला फार हुशारीचा वाटतो. आस कोणत्याही बिंदूभोवती डोलू लागला तरी एक ना एक शॉक त्याच्या आड येतो, निसटायला वाट राहत नाही.

शर्यतीच्या शौकिनांनी आणखी एक युक्ती काढली. आसाला खालून एक दांडा जोडायचा, तो कमानीखालून पुढच्या डोळ्यापर्यंत न्यायचा आणि टोकाला रबराचा ठोकळा लावायचा. हाउसिंग पिळू लागले की ठोकळा डोळ्याखाली टेकतो आणि पीळ तिथेच अडतो. क्रायस्लर कंपनीने दांडा न लावता हेच साधले. आस कमानीच्या मधोमध न बसवता पुढे सरकवला. पट्टीचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पुढचा भाग ५० सेंटिमीटर आणि मागचा ७० ठेवला, तर पुढचा भाग मागच्याच्या १.४ × १.४ × १.४, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट ताठर होतो. मागचा लांब भाग धक्के सोसायला मोकळा राहतो आणि पुढचा आखूड भाग दांड्याचे काम करतो.

आता आपल्या जीपकडे परत येऊ. पाच पाट्यांचे सात केले म्हणजे कमान पूर्वीच्या १.४ पट ताठर झाली. पीळ कमी झाला, म्हणून उड्या कमी झाल्या. सल्ला देणारा अगदीच खोटा नव्हता. पण तो सल्ला आला कुठून? रेवदंडा, मुरूड, थळ इथून मासळी आणि बर्फ भरून जाणाऱ्या गाड्यांकडून. तिथे मागच्या आसावर हजार किलो जास्त भार पडतो, म्हणून कमान ताठर लागते. अशा कित्येक गाड्यांत मुख्य कमानीवर एक वेगळी ‘हेल्पर’ कमान असते. गाडी रिकामी असताना ती कशालाच टेकत नाही, भार पडून गाडी खाली आली की मगच कामाला लागते. जीप तर बहुतेक वेळ रिकामीच. पोयनाडच्या ज्या मिस्त्रींकडे आम्ही ती नेली, त्यांनी वाकून पाहिले आणि एका वाक्यात सांगितले, “सर, हे पाटे गाडीला नाय, मासळीला लावलेत.”

वळणावर घसरण्याचे कारण इथेच आहे. वळणावर आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो. एकूण किती जाईल हे गाडीचे वजन, वेग, वळण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांतले अंतर यांवर ठरते. पाट्यांना त्यात फारसे मत नाही. पण त्यातला किती भाग पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे मात्र कमानी ठरवतात. जी जोडी जास्त ताठर, ती जास्त वाटा घेते. आणि टायरची एक खोड आहे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजा, ४०० किलो भाराखाली टायर ३२० किलोची पकड देतो, ६०० खाली ४४० आणि २०० खाली १७०. सरळ जाताना मागच्या दोन टायरांची मिळून ६४०. वळणावर भार ६०० आणि २०० असा वाटला गेला की ६१०. मागच्या कमानी ताठर केल्या, पुढच्या तशाच ठेवल्या, म्हणजे हा तोटा सगळा मागच्या टायरांच्या खात्यावर टाकला. आणि मागचे टायर पुढच्यांच्या आधी सुटले की गाडीचे शेपूट बाहेर जाते. ओल्या रस्त्यावर हे चालकाला सांगून होत नाही. मासळी उतरवून रिकामी परतणारी गाडी पहिल्या पावसात जपून चालवावी लागते ती यामुळेच.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो चांगल्या चालकांमध्येही आढळतो. ‘अमुक जोडणी बसवली की गाडी मागच्या चाकांवर जास्त दाबते’ असे म्हणतात. वर आपण काढलेले २००० न्यूटन आठवा. त्या हिशेबात बल, उंची आणि लांबी एवढेच होते, स्प्रिंगचे नावही नव्हते. कोणतीही कमान, कोणताही दांडा ही बेरीज बदलू शकत नाही. तो भार किती झटकन टायरपर्यंत पोचेल, पोचताना मागचा भाग बसेल की नाही, आणि पोचल्यावर टायर जमिनीवर स्थिर राहील की उड्या मारील, एवढेच जोडणीच्या हातात असते. पण तेही थोडे नाही!

मिस्त्रींनी काय केले ते ऐका. वाढवलेले पाटे काढले. उरलेले सगळे सुटे केले, तर पात्यांच्या मध्ये गंजाचे थर निघाले. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने हे होतेच. गंजलेली पाती एकमेकांवर सरकत नाहीत, अडकतात आणि मग झटक्याने सुटतात. म्हणजे खडूचा खेळ कमानीच्या आतही चालू होता. शिवाय गंजाच्या खड्ड्यातूनच पात्याला चीर जाते. पाती रॉकेलने धुऊन, घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळली. डोळ्यांतले रबरी बुश झिजून अंडाकृती झाले होते, ते बदलले. यू-बोल्ट सैल होते. आणि दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर मेलेले होते. या यंत्राचे नावच फसवे आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. शॉकमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना स्प्रिंगची आंदोलने उष्णतेत बदलते, म्हणजे अवमंदन करते. ते नसेल तर सेकंदाला नऊ वेळा उसळणाऱ्या आसाला थांबवायला कोणी नाही. तुम्ही स्वतः तपासू शकता: उभ्या गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती वर येऊन थांबली तर शॉक जिवंत, दोन-तीन वेळा डोलली तर गेला.

एवढ्याने चढणीवरच्या उड्या जवळजवळ गेल्या. वळणावर गाडी पुन्हा सरळ वागू लागली. पीळ आणि भार ही दोन कामे मात्र अजूनही एकाच कमानीकडे आहेत, आणि चांगली सुधारणा म्हणजे ती वेगळी करणे.

ती आपल्याच रस्त्यांवर दिसते. महिंद्र कंपनीच्या २०१० सालच्या थारला मागे पाटे होते. २०२० साली आलेल्या नव्या थारचा मागचा आस पूर्वीसारखाच अखंड आहे, पण पाटे गेले. भार पेलायला गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आणि आसाला आवरायला वेगळे दांडे. गाडीच्या लांबीच्या दिशेने असलेले दांडे पुढचा रेटा सांगाड्याला देतात आणि हाउसिंगचा पीळ रोखतात. स्प्रिंगेला फक्त वर-खाली दबायचे असते, म्हणून ती मऊ ठेवता येते. मऊ स्प्रिंग म्हणजे खड्ड्यातही टायर जमिनीला धरून.

गुंडाळीच्या स्प्रिंगेला एक उणीव असते: ती आसाला डावी-उजवीकडे सरकू देते. त्यासाठी आडवा दांडा लागतो, एक टोक आसाला आणि दुसरे सांगाड्याला. फ्रान्सच्या पानार कंपनीच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते, त्यामुळे आस वर-खाली होताना किंचित बाजूला सरकतो. दांडा ९० सेंटिमीटर लांब असेल आणि आस ५ सेंटिमीटर उचलला, तर सरकणे दीड मिलिमीटरच्या आतच राहते. पायथागोरसने ताडून पाहा. ज्यांना तेवढेही चालत नाही ते जेम्स वॅटची जोडणी वापरतात. ती त्याने १७८४ साली वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ रेषेत चालावा म्हणून योजली होती.

जुन्या जीपला हे सगळे घरी बसवू नका, असे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. एक तर नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करायला मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे. दुसरे, दांड्याचा एक वेल्ड सुटला की आस मोकळाच.

त्याची एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे: चढणीवर बहुतेक वेळा उजवेच मागचे चाक आधी फिरते. त्यात पाट्यांचा दोष नाही. इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा मागून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि आसालाही तसाच पिळू पाहतो. डावे चाक दाबले जाते, उजवे हलके होते. आपल्या आकड्यांत या दांड्याचे परिबल १५० × ४ = ६०० न्यूटन-मीटर. दोन चाकांतले अंतर १.३ मीटर, म्हणजे उजव्या चाकावरचा भार ४५ किलोच्या आसपास कमी. सांगाडा उलट बाजूला कलतो, त्यामुळे यातला काही भाग कमानींमधून परत मिळतो, सगळा नाही. आणि साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देत असल्याने हलके चाक सुटले की दुसरेही लटके पडते. पावसाळ्यात एखाद्या चढणीवर जीप अडलेली दिसली तर सुरक्षित अंतरावरून पाहा, कोणते चाक फिरते आहे ते. डावे फिरताना दिसले, तर त्या चाकाखाली काय होते तेही नोंदवून मला अवश्य कळवा.